जोई डनलॉपवर अर्धा तास बोलायचंय: टीटी, छोट्या टू-स्ट्रोक आणि जेटिंगबद्दल प्रश्न

कर्वेनगर_आरएक्स:

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांच्या गटात रविवारी सकाळी कोणीतरी एखाद्या रेसरवर अर्धा तास बोलतं. यावेळी विषय जोई डनलॉप. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) या रस्त्यावरच्या मोटरसायकल शर्यतींत २६ विजय, मोटरसायकलच्या टीटी फॉर्म्युला वन मालिकेचा पाच वेळा विश्वविजेता, २००० साली एस्टोनियातल्या टॅलिनला मृत्यू, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. ते वाचून दाखवलं तर लोक चहा प्यायला उठतील. म्हणून चार शंका:

कारकीर्द कुठल्या क्रमाने सांगितली तर समजते? हा माणूस ५०० सीसी ग्रां प्रीमध्ये का दिसत नाही? ४८ व्या वर्षी एकाच आठवड्यात १२५, २५० आणि १००० सीसी अशा तिन्ही गाड्यांवर जिंकणं म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नक्की काय? आणि आमच्या लोकांच्या जिव्हाळ्याचं: रेसिंग टू-स्ट्रोक ६० किलोमीटरच्या लॅपवर टिकवायची कशी? प्लग आणि पिस्टन कळणारी माणसं समोर असतील, तेव्हा मोघम चालणार नाही.

पेठेतला_पाना:

क्रम सोपा आहे. २६ विजयांचे बरोबर दोन ढीग करा, १३ आणि १३. मध्ये १९८९ चा अपघात ठेवा.

पहिला ढीग १९७७ ते १९८८. १९७७ ची ज्युबिली टीटी हा पहिला विजय, यामाहावर. १९८० ला क्लासिक टीटी, यामाहाच्याच टीझेड ७५० वर, ११५.२२ मैलांचा, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरच्या वरचा लॅप विक्रम करून. या शर्यतीत मोठी टाकी धरून ठेवणारा पट्टा तुटला होता आणि त्याने टाकी गुडघ्यांनी दाबून धरत गाडी चालवली. १९८१ पासून होंडाची फॅक्टरी गाडी. मग १९८३ ते १९८८ सलग सहा वर्षं फॉर्म्युला वन टीटी त्याचीच. १९८५ आणि १९८८ ला एकाच आठवड्यात टीटीच्या तीन-तीन वर्गांत विजय: फॉर्म्युला वन, ज्युनिअर, सीनिअर. ज्युनिअर म्हणजे तेव्हा २५० सीसी, हे स्लाइडवर लिहा, नाहीतर कोणीतरी हात वर करणारच. १९८५ ला तर टीटीला जाताना ज्या मासेमारी बोटीत तो होता ती स्ट्रँगफर्ड लॉकमध्ये बुडाली, आणि तीन विजय त्यानंतरचे.

१९८९ च्या गुड फ्रायडेला इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच सर्किटवर मोठा अपघात झाला आणि त्या वर्षीची टीटी हुकली. पुढची दोन-तीन वर्षं विजय नाही.

दुसरा ढीग १९९२ ते २०००, आणि माझ्या मते खरा डनलॉप इथे आहे. या १३ पैकी ११ विजय छोट्या टू-स्ट्रोकवरचे आहेत. १२५ वर पाच: १९९२, ९३, ९४, ९६, २०००. २५० वर सहा: १९९४ ते ९८ दर वर्षी एक, आणि २०००. मोठ्या गाडीवर फक्त दोन, १९९५ ची सीनिअर होंडा आरसी४५ वर आणि २००० ची फॉर्म्युला वन होंडा एसपी-१ वर. १९९२ ला त्याने आधीचा विक्रमवीर माइक हेलवुडच्या १४ टीटी विजयांशी बरोबरी केली आणि १९९३ ला त्याला मागे टाकलं, दोन्ही वेळा १२५ वर. मोठ्या गाड्यांचा राजा म्हणून त्याची मांडणी करणाऱ्या व्हिडिओंमधून नेमका हाच भाग गळतो.

या छोट्या गाड्यांवर तो स्वतः पाने घेऊन बसायचा. फॅक्टरीची मोठी गाडी तयार होऊन यायची. १२५ आणि २५० चं तसं नव्हतं. तुमच्या गटाला हे आपोआप भिडेल.

सर्किट_बुवा:

ग्रां प्रीचं उत्तर इतिहासात आहे. १९७६ पर्यंत टीटी हीच विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली ब्रिटनची फेरी होती. १९७२ ला इटालियन रेसर जिल्बेर्तो पार्लोत्तीचा तिथे अपघातात मृत्यू झाला, त्यानंतर विश्वविजेत्या आगोस्तिनीसकट बऱ्याच मोठ्या नावांनी टीटी सोडली. १९७७ पासून ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनला गेली आणि टीटीची भरपाई म्हणून टीटी फॉर्म्युला वन हे वेगळं विश्वविजेतेपद निर्माण झालं. पहिली दोन वर्षं त्याची एकच फेरी होती, टीटी स्वतः. पुढे फेऱ्या वाढल्या. डनलॉपची १९८२ ते ८६ ची पाच विजेतेपदं या मालिकेतली आहेत. त्यांची तुलना ५०० सीसी ग्रां प्रीच्या विजेतेपदाशी करू नका. कमी लेखूही नका, कारण यात बंद केलेले सार्वजनिक रस्ते होते आणि तिथे जिंकायला वेगळं कसब लागतं.

वेगळं म्हणजे काय, तर टीटीत सगळे एकत्र सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात आणि एकूण वेळेवर निकाल लागतो. पुढचा माणूस दिसतच नाही, म्हणून स्लिपस्ट्रीमवर, म्हणजे पुढच्या गाडीच्या आडोशाने हवेचा विरोध टाळण्यावर, भिस्त ठेवता येत नाही. स्पर्धा घड्याळाशी. वाटेत स्वतःची माणसं फळ्या धरून उभी असतात, त्यावर क्रमांक आणि सेकंदांतली आघाडी किंवा पिछाडी लिहिलेली. फळीवरचा आकडा काही मैल जुना असतो. त्यावरून किती पिळायचं हे ठरवणं ही वेगळीच अक्कल. उलट आयर्लंडमधली नॉर्थ वेस्ट २०० किंवा डन्ड्रॉडची अल्स्टर ग्रां प्री यांत घोळक्याने सुटायचे, तिथे कोपराला कोपर लागायचा. डनलॉपचे अल्स्टरचे विजय २४ आणि नॉर्थ वेस्टचे १३. म्हणजे दोन्ही पद्धतींत तो पुरून उरला.

अंतराचा अंदाज द्यायचा तर टीटीचा एक लॅप ६०.७ किलोमीटर. पुणे ते लोणावळा जवळपास तेवढंच. डनलॉपचा आयुष्यातला सर्वांत वेगवान लॅप २००० च्या सीनिअरमधला, सरासरी १२३.८७ मैल, म्हणजे साधारण १९९ किलोमीटर. तो लॅप सव्वाअठरा मिनिटांचा. एक्स्प्रेसवेवरून जाणाऱ्यांना हा आकडा सांगा आणि मग दोन मिनिटं काही बोलू नका. त्या शर्यतीत तो तिसरा आला. जिंकला डेव्हिड जेफरीज, त्याने त्याच वेळी १२५ मैलांच्या वरचा पहिला लॅप मारला.

पेट्रोलचं गणितही सांगा. मोठ्या गाड्यांची सहा लॅपची शर्यत, टाकी २४ लिटरची. दर दोन लॅपनंतर थांबायचं. दोन लॅप म्हणजे १२१ किलोमीटर, म्हणजे लिटरला जेमतेम पाच. थांबायचं तेव्हा पेट्रोल उंचावरच्या टाकीतून नुसत्या गुरुत्वाकर्षणाने उतरतं, त्यामुळे ती वेळ फारशी वाचवता येत नाही. वाचवायचं ते मागचं चाक, व्हायझर (हेल्मेटची काच) आणि पिट लेनमध्ये शिरण्या-निघण्यात. व्हायझर नीट बसला नाही तर काय होतं ते २०२४ च्या सुपरबाइक शर्यतीत जोईचा पुतण्या मायकल डनलॉपने पाहिलं. आघाडीवर असताना पिट स्टॉपनंतर वाटेत थांबून तो बसवावा लागला आणि शर्यत गेली.

नानापेठ_जेट:

आता टू-स्ट्रोककडे. हे लांबेल.

१२५ वर्गातली होंडा आरएस१२५: एक सिलिंडर, ५४ बाय ५४.५ मिमी, पाण्याने थंड होणारा, रीड व्हॉल्व्ह. तुमच्या यामाहा आरएक्स १०० चा बोर-स्ट्रोक ५० बाय ५०, ताकद ११ हॉर्सपॉवर. आरएस चाळीसच्या वर देते, आणि ती १२ हजार आरपीएमच्या आसपास. सर्किटवरची १२५ ची ग्रां प्री साधारण १०० ते १२० किलोमीटरची असायची. टीटीत चार लॅप धरले तर २४० होतात. त्यामुळे पिस्टन, रिंग आणि गजन पिनचं (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) बेअरिंग वाजायला लागल्यावर नाही, किलोमीटर मोजून बदलायचं.

टीटीवर टू-स्ट्रोक मरते ती दोन जागी. पहिली सल्बीचा सरळ पट्टा: सहाव्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा आणि तो सोडायची वेळच येत नाही. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मापाचं भोक, एक नंबर लहान असेल तर पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं. ते छोट्या सर्किटवर चालून जातं, कारण दर काही सेकंदांनी थ्रॉटल बंद होतो आणि पिस्टनला श्वास मिळतो. सल्बीवर तो मिळत नाही. पिस्टनचं डोकं तापतं, फुगतं, आणि एक्झॉस्टच्या बाजूने धरतं, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतं.

दुसरी जागा उलट्या कारणाने धोक्याची, आणि घाटात गाडी चालवणाऱ्याला ती लगेच कळते. बंगलोपासून क्रेग-नी-बा आणि हिलबेरीकडे रस्ता डोंगरावरून खाली येतो. उतारावर, ब्रेकिंगच्या आधी थ्रॉटल बंद, पण गिअरमध्ये असल्याने इंजिन दहा-अकरा हजारांवर फिरतंय. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल नाही, पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. पिस्टन मात्र तेवढ्याच वेगाने वर-खाली. म्हणून जुने चालवणारे उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडत नाहीत, मध्ये-मध्ये हलकासा उघडून इंजिनाला घोट पाजतात. आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. इंजिन धरल्याचा पहिला झटका लागला की क्लच दाबायला अर्धा सेकंदही मिळत नाही, मागचं चाक तिथेच लॉक होतं.

मिश्रणाचं प्रमाण रेसिंगला साधारण ३० ला १, म्हणजे लिटरमागे ३३ मिली तेल. तेल वाढवलं की इंजिन सुरक्षित, असं सरळ समीकरण नाही. तेल वाढलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण पातळच होतं. प्रमाण बदललं तर जेट पुन्हा तपासायचं.

आता उंची. कोर्स रॅम्झीला समुद्राजवळ असतो आणि बंगलोच्या आसपास ४०० मीटरच्या वर चढतो. तेवढ्याने हवा सुमारे ४ टक्के विरळ होते. हवा विरळ झाली की कार्बोरेटरचं मिश्रण दाट होतं, पण निम्म्यानेच, कारण जेटमधून येणारं पेट्रोलही थोडं कमी होतं. म्हणजे वर साधारण २ टक्के दाट. एका लॅपमध्ये जेट बदलता येत नाही, मग बसवायचं कुठलं? खालचं, समुद्रसपाटीचं. दाट मिश्रणाने डोंगरावर थोडी ताकद जाईल. पातळ मिश्रणाने सल्बीला पिस्टन जाईल. वेळेवर निकाल लागणाऱ्या शर्यतीत पहिलं नुकसान परवडतं.

वरून हवामान: बेटावर सकाळी धुकं, दुपारी ऊन. हवा दहा अंशांनी थंड झाली तर ती सुमारे साडेतीन टक्के घट्ट होते. म्हणून शेवटचा जेट शर्यतीच्या अगदी आधी, हवेची घनता बघून. २५० ला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर, म्हणजे हे सगळं दुप्पट. दोन्ही बाजूंना एकच नंबर लागेल असंही नाही.

प्लग बघायची पद्धत: नवा प्लग, टॉप गिअर, पूर्ण थ्रॉटल, मग एकाच क्षणी क्लच दाबायचा आणि इग्निशन बंद. इंजिन आयडलला येऊ दिलंत तर प्लग आयडलची कहाणी सांगतो. रंग टोकाचा बघू नका. भिंगातून आत, चिनी मातीच्या बुडाशी गडद कडा दिसते का ते बघा. कडा अजिबात नसेल तर पातळ. हे बंद आवारातच करा, हायवेवर नाही.

पिस्टनवरच्या खुणा स्लाइडवर फोटो लावून दाखवा. चारही बाजूंना उभे ओरखडे: थंड इंजिन लगेच पिळलं, पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगला. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला: पातळ मिश्रण किंवा तेल कमी. डोक्यावर कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे: डिटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट न जळता दणक्याने फुटणं; कारण इग्निशन जास्त पुढे किंवा कॉम्प्रेशन पेट्रोलच्या लायकीपेक्षा जास्त.

हनुमान_टेकडी:

वरच्या प्रतिसादात एक भर. टीटीची गाडी सर्किटच्या गाडीपेक्षा सस्पेन्शनला मऊ आणि थोडी उंच ठेवतात, कारण रस्ता खरा आहे: मॅनहोल, कडेचे दगड, रंगाचे पट्टे, पूल. बलाफ ब्रिजवर गाडी हवेत जाते. हवेत थ्रॉटल उघडा राहिला तर मागचं चाक मोकळं फिरून वेग घेतं आणि जमिनीला लागल्यावर तो सगळा झटका चेन, स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्स खातात. म्हणून चेनला किंचित जास्त ढील, स्टिअरिंग डॅम्पर घट्ट, आणि प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला भोक पाडून लॉकवायर, म्हणजे तो सैल होऊ नये म्हणून ओवलेली तार. १९८० ची टाकीच्या पट्ट्याची गोष्ट सांगाल तेव्हा ही वायर हातात धरून दाखवा. एवढी थरथर सोसून बोल्ट जागेवर राहणं हीच तिथे मोठी गोष्ट.

कर्वेनगर_आरएक्स:

दंडवत. इतकं अपेक्षित नव्हतं. एक उपप्रश्न: आमच्यातले काही जण पावसाळ्यानंतर आरएक्स घेऊन अलिबागला उतरतात आणि परतताना कोणाची तरी गाडी धरते. हे तेच गणित का?

नानापेठ_जेट:

तेच, उलट्या दिशेने. पुणे ५६० मीटरवर. इथे बरोबर बसवलेली गाडी किनाऱ्यावर नेली की हवा ५ टक्क्यांच्या आसपास घट्ट, मिश्रण अडीच टक्के पातळ. स्टॉक गाडीला काही होत नाही, कंपनीने तेवढी सूट ठेवलेली असते. पण एक्सपान्शन चेंबर (ताकद वाढवणारा फुगीर रेसिंग सायलेन्सर) लावलेला, फिल्टर काढलेला, आणि पुण्यात ‘कडक पिकअप’ मिळावा म्हणून जेट आधीच उतरवलेला असेल तर ती सूट तुम्हीच खाल्लेली असते. उतरण्यापूर्वी मेन जेट एक पायरी मोठा टाका, वर आल्यावर काढा. सोबत न्यायला दोन जेट आणि एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

जेटला हात लावायच्या आधी मात्र हवेची गळती शोधा. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं रबर मॅनिफोल्ड जुनं होऊन तडकतं, क्रँकचं सील कडक होतं. आयडल उगाच चढत असेल, थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लवकर उतरत नसेल, तर शंका घ्या. आयडलवर मॅनिफोल्डभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, पण गरम सायलेन्सरपासून दूर. आवाज बदलला तर तिथेच गळती. ती तशीच ठेवून जेट वाढवत बसलात तर पैसे वाया.

आरएक्समध्ये ऑटोल्यूब पंप आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीतून आपोआप सोडणारा. तो आरपीएम आणि थ्रॉटलची वायर दोन्हींवर चालतो. म्हणून बोरघाट उतरताना तुमची स्थिती आरएस१२५ पेक्षा बरी, पण थ्रॉटल बंद असताना पंपाचा स्ट्रोक कमीच असतो. पंपाची वायर जुळवली आहे का, खुणा जुळतात का, हे बघा. बऱ्याच गाड्यांत कार्बोरेटरची वायर बदलताना पंपाची सेटिंग कोणी बघतच नाही. आणि पंप काढून टाकलेला असेल तर तुम्ही डनलॉपच्याच बोटीत आहात: उतारावर थ्रॉटल थोडा-थोडा उघडत चला.

औंध_ते_अँट्रिम:

घराण्याच्या बाबतीत तीन ठिकाणी लोक चुकतात, ते इथेच निपटवतो.

मायकल हा जोईचा मुलगा नव्हे, पुतण्या. जोईचा धाकटा भाऊ रॉबर्ट, त्याची मुलं विल्यम आणि मायकल. रॉबर्टचे टीटी विजय पाच, नॉर्थ वेस्ट २०० चे १५, म्हणजे तिथे भावापेक्षा जास्त. १९९४ च्या टीटीत मागचं चाक फुटून त्याचा उजवा हात आणि पाय जायबंदी झाला. त्यानंतर तो पुढचा ब्रेक डाव्या अंगठ्याने मारायचा, तशी जोडणी करून घेतली होती, आणि त्यावरच १९९८ ची १२५ टीटी जिंकला. २००८ च्या मे महिन्यात नॉर्थ वेस्टच्या सरावात त्याच्या २५० चं इंजिन धरलं आणि तो गेला. दोनच दिवसांनी मायकलने तिथलीच २५० ची शर्यत जिंकली. विल्यमचा २०१८ ला डब्लिनजवळच्या स्केरीजला अपघातात मृत्यू झाला.

सर्वाधिक टीटी विजयांचा विक्रम आता मायकलकडे आहे. २०२४ ला सुपरस्पोर्टमध्ये बरोबरी, त्याच आठवड्यात सुपरट्विनमध्ये २७ वा, आठवड्याअखेर २९. २०२५ च्या टीटीनंतर ३३. ही तुलना करताना एक लक्षात घ्या, आता एकाच आठवड्यात काही वर्गांच्या दोन-दोन शर्यती होतात. जोईच्या काळात संधी कमी होत्या. यावर गटात भांडण लागेल, लागू द्या.

तिसरं, आयरिश की ब्रिटिश? जोई अँट्रिम परगण्यातल्या बॅलीमनीचा, म्हणजे उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंगडम. पण मोटरसायकल खेळाची संघटना अख्ख्या बेटाची एक आहे आणि रेसर सीमेच्या दोन्ही बाजूंना धावतात. त्यामुळे ‘आयरिश रोड रेसर’ म्हणणं योग्यच. आइल ऑफ मॅन मात्र आयर्लंडमध्ये नाही, नकाशावर ती चूक करू नका.

सुरुवातीचा काळ सांगायचा तर ‘आर्मॉय आर्माडा’ हे नाव घ्या: जोई, त्याचा भाऊ जिम, मेहुणा मर्विन रॉबिन्सन आणि फ्रँक केनेडी. केनेडी १९७९ च्या आणि रॉबिन्सन १९८० च्या नॉर्थ वेस्टमधल्या अपघातांत गेले. १९८० ची क्लासिक टीटी या दुसऱ्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच होती. आणि त्याच्या पहिल्या टीटी विजयामागचा पुरस्कर्ता जॉन रेआ हा जोनाथन रेआचा आजोबा, सहा वेळा वर्ल्ड सुपरबाइक जिंकलेल्या जोनाथनचा. तरुण पोरं असतील तर त्यांच्यासाठी हा धागा बरा.

गिअर_गणपत:

एवढं सगळं वाचून असं वाटलं, सिंहगडाचा रस्ता एक रविवार बंद करून आपणही छोटी टीटी भरवूया की!

सर्किट_बुवा:

भरवा. आधी राज्य सरकारची लेखी परवानगी आणा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ तेच सांगतं: सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी लेखी परवानगीशिवाय गुन्हा आहे. आइल ऑफ मॅनला रस्ता बंद करण्यासाठी १९०४ पासून स्वतंत्र कायदे होत आलेत, मार्शल, डॉक्टर, हेलिकॉप्टर सगळं त्यात येतं. आपल्याकडे गडावरच्या भजीवाल्याची गाडी बाजूला करायलाच दुपार होईल.

पेठेतला_पाना:

विषयावर येतो. टॅलिनबद्दल कमी शब्दांत, पण नेमकं सांगा. २ जुलै २०००, एस्टोनिया, पिरिटा भागातला झाडांतून जाणारा रस्ता, पाऊस. मोठ्या गाडीची आणि ६०० ची शर्यत तो आधीच जिंकला होता. तिसऱ्या, १२५ च्या शर्यतीत आघाडीवर असताना गाडी घसरली आणि तो झाडांत गेला. टीटीतल्या तीन विजयांना महिनाही झाला नव्हता. अंत्ययात्रेला बॅलीमनीत सुमारे ५० हजार लोक होते.

ब्रिटिश सरकारी सन्मान दोन: १९८६ चा एमबीई खेळासाठी आणि १९९६ चा ओबीई रुमानिया, बोस्निया, अल्बेनियातल्या अनाथालयांना मदत नेण्यासाठी. हे दोन्ही एकाच ओळीत घुसडू नका. तो व्हॅन भरून कपडे आणि अन्न स्वतः चालवत न्यायचा, बऱ्याचदा एकटाच.

कर्वेनगर_आरएक्स:

मग स्लाइडचा क्रम असा धरतो: दोन ढीग, ग्रां प्रीचा खुलासा, २००० चा आठवडा, मग पिस्टन आणि जेट. २००० च्या फॉर्म्युला वनबद्दल एकच शंका: जेफरीजच्या यामाहा आर१ पुढे एसपी-१ जिंकली ती वेगावर की जेफरीज बंद पडला म्हणून?

सर्किट_बुवा:

दोन्ही. जेफरीजचा क्लच गेला हे खरं. पण त्या होंडात वर्ल्ड सुपरबाइकच्या दर्जाचं इंजिन बसवलेलं होतं, आणि क्लच जाईपर्यंत दोघांची झुंज सेकंदांच्या फरकाने चालली होती. ‘नशिबाने जिंकला’ असं कोणी म्हणालं तर त्याच आठवड्यातली २५० आणि १२५ दाखवा.

नानापेठ_जेट:

आणि पिस्टन दाखवायला नेणार असाल तर धुऊन नेऊ नका. काजळी पुसली की अर्धी माहिती जाते. प्रत्येक पिस्टनच्या मागे स्केचपेनने गाडी, जेटचा नंबर आणि कुठे धरला ते लिहा, आणि एक्झॉस्टची बाजू बाणाने दाखवा. नाहीतर हातोहात फिरताना कुठली बाजू कुठली ते कोणालाच कळत नाही.